सुई टेकवण्याआधी: शंभर वर्षांपूर्वीचं मराठी गाणं शोधायचं कसं

पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशकातला एखादा तरी वाडा रिकामा होतो. माळ्यावरून ट्रंक खाली येते, ट्रंकेत काळ्या जड तबकड्या निघतात आणि मग फोन येतो, "या रेकॉर्डांचं काय करायचं?" फोन येईपर्यंत बहुतेक वेळा तीन गोष्टी होऊन गेलेल्या असतात. तबकडी स्पिरिटनं पुसलेली असते. नव्या सूटकेस प्लेअरवर एकदा वाजवून पाहिलेली असते. आणि यूट्यूबवर सापडलेलं नाव पाकिटावर पेनानं लिहून टाकलेलं असतं. पहिल्या दोन गोष्टींनी तबकडीचं नुकसान होतं, तिसरीनं माहितीचं.

क्रम पाळला तर हे टळतं. ज्यांच्याकडे तबकड्या नाहीत, फक्त फोनवर ऐकायचं आहे, त्यांनी पहिला टप्पा करून थेट सहाव्यावर जावं. पहिला मात्र कुणीही टाळू नये.

टप्पा १: गायकापासून नव्हे, नाटकापासून निघा

शोधाच्या चौकटीत 'बालगंधर्व जुनी गाणी' असं लिहिलं की मूळ ध्वनिमुद्रणं, पुढच्या पिढीनं गायलेली पदं, स्मृती-कार्यक्रम, सगळं एका ढिगात समोर येतं. त्यातून वेगळं काढायला हाताशी काही नसतं. म्हणून आधी नाटक धरा. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत मराठी माणसाच्या ओठांवर जे गाणं होतं, ते मुख्यतः रंगभूमीवरून आलेलं होतं.

नाशिककरांना पहिलं नाटक शोधायलाही लांब जायला नको. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या रात्री तिथे 'शारदा'चा प्रयोग होता. आपल्या गावानं जे नाटक पाहिलं, त्याचीच पदं आधी शोधा. मग सौभद्र (१८८२), मानापमान (१९११), स्वयंवर (१९१६), एकच प्याला (१९१९). एवढ्या पाच नाटकांत दोन वर्षांचं काम आहे.

नाटकाचं छापील पुस्तक मिळवा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. जुन्या नाटकांसाठी मी पहिल्यांदा तिथेच चौकशी करतो. पुस्तकातून प्रत्येक पदाची पहिली ओळ, ते कोणत्या पात्राच्या तोंडी आहे, आणि पदाच्या डोक्यावर छापलेला राग, ताल आणि 'चाल' वहीत उतरवा. 'चाल'ची ती बारीक ओळ बहुतेक जण सोडून देतात. सोडू नका, सातव्या टप्प्यात ती लागणार आहे.

वहीच्या दुसऱ्या पानावर नावांच्या जोड्या लिहा. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. लेबलांवर आणि याद्यांत यांतलं कोणतंही नाव येऊ शकतं.

तिसऱ्या पानावर सालांची कुंपणं घाला:

- गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. ग्रामोफोन कंपनीचे लोक ध्वनिमुद्रणासाठी हिंदुस्थानात आले १९०२ मध्ये.
- गायक नट केशवराव भोसले १९२१ मध्ये गेले.
- मराठी बोलपट सुरू झाला १९३२ ला, 'अयोध्येचा राजा'पासून.
- मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेले.

ही चार कुंपणं वाटतात त्यापेक्षा जास्त चुका अडवतात. आपल्याकडची एक नेहमीची चूक सांगतो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, म्हणून 'राजा हरिश्चंद्र'मधलं गाणं शोधायला लोक येतात. १९१३ चा तो चित्रपट मूकपट आहे. फाळक्यांचा बोलपट एकच, १९३७ चा 'गंगावतरण'.

*तपासणी:* पुढे जाण्याआधी वहीत किमान दहा पदांच्या पहिल्या ओळी हव्यात. नाहीत? मग अजून शोधायला बसू नका.

टप्पा २: तबकड्या कुठे बघायच्या, कशा आणायच्या

आधी नात्यात विचारा. "तुमच्याकडे जुन्या रेकॉर्ड आहेत का?" या प्रश्नाला "नाहीत" असंच उत्तर मिळतं, कारण घरातल्यांच्या लेखी ते अडगळीचं सामान असतं. "आजोबांचा फोनो कुठे गेला?" असं विचारा. फोनो आठवला की त्याची पेटी आठवते, पेटीबरोबर माळा आठवतो. वहीतल्या ओळी घरातल्या मोठ्या माणसांसमोर गुणगुणून दाखवा. माझ्या अनुभवात त्यांना नावं आठवत नाहीत, पण चाल लगेच आठवते.

त्यानंतर गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार आणि भद्रकालीतले जुन्या सामानाचे दुकानदार. इथे घाई करू नका. तबकडी पाकिटातून पूर्ण बाहेर काढा, उजेडात तिरकी धरा आणि कडेपासून लेबलापर्यंत नजर फिरवा. काळ्या चकाकीऐवजी राखाडी पट्टे दिसत असतील तर खाचा झिजलेल्या आहेत. कडेला नखाएवढा टवका उडालेला असेल तर फारसं बिघडत नाही, कारण गाणं थोडं आत सुरू होतं. केसासारखी चीर मात्र प्रत्येक फेऱ्याला टक् करणार, आणि एक दिवस तबकडी तिथूनच दुभंगणार.

नेताना उभ्या ठेवून न्या, पुस्तकं कपाटात ठेवतो तशा. दहा इंची तबकडी दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. चाळीस एकावर एक रचल्या की खालचीवर आठ किलोचा भार येतो. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांची ही वस्तू. ती वाकत नाही, फुटते. आणि उन्हानं मात्र मऊ होऊन वाकडी होते.

> सावधान: एप्रिल-मे मध्ये तबकड्या गाडीत ठेवून चहालाही उतरू नका.

टप्पा ३: लेबल वाचा. अजून वाजवायचं नाही

सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते आणि सगळ्यात जास्त घाईही इथेच होते. दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो काढा, समोरून एक आणि बाजूच्या उजेडात तिरका एक. तिरका फोटो लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीसाठी. तिथे अंक कोरलेले असतात.

दोन आकडे वेगळे ओळखायला शिका. लेबलावर ठळक छापलेला असतो तो विक्रीचा, म्हणजे कॅटलॉग नंबर. गुळगुळीत पट्टीत कोरलेला असतो तो मॅट्रिक्स नंबर. तो त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. खपणारी तबकडी कंपनी वर्षानुवर्षं पुन्हा काढत असे, लेबलाचा रंग आणि चित्र बदलत असे. म्हणून लेबलाच्या रूपावरून कळतं ती तबकडी केव्हा छापली गेली ते. गाणं केव्हा मुद्रित झालं हे शोधायला मॅट्रिक्स नंबर लागतो. 'लेबल नवं दिसतंय, म्हणजे गाणं १९३५ चं' हा निष्कर्ष इथेच चुकतो.

मग पुढच्या खुणा बघा.

तबकडी एकाच बाजूनं वाजणारी असेल, मागची बाजू सपाट किंवा नुसती नक्षीची असेल, तर ती बहुधा पहिल्या दशकातली. लेबलावर हॅनोव्हर असेल तर छपाई जर्मनीतली. कलकत्त्याला सियालदहचा कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला, त्याआधी आपल्याकडची गाणी तिकडेच छापून येत. एचएमव्हीच्या ओळखीच्या कुत्र्याऐवजी पंखवाला देवदूत असेल तर तीही ग्रामोफोन कंपनीचीच जुनी खूण. 'यंग इंडिया' असं नाव असेल तर तबकडी १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरची.

एचएमव्हीच्या तबकडीवर मॅट्रिक्स नंबरनंतर छोटा त्रिकोण किंवा चौकोन कोरलेला आहे का, ते भिंगातून बघा. असेल तर गाणं विजेच्या मायक्रोफोनवर मुद्रित झालेलं आहे, म्हणजे १९२५ नंतरचं. त्याआधी गवई कर्ण्यात तोंड घालून गात आणि आवाजाच्या जोरावरच सुई मेण कोरत असे. ही खूण हाती आली की केशवरावांच्या नावानं फिरणारी निम्मी घोटाळ्याची प्रकरणं ऐकण्याआधीच निकाली निघतात: खाली त्रिकोण असेल, तर गायक केशवराव भोसले नव्हेत.

*तपासणी:* दोन्ही बाजूंचे दोन्ही आकडे वहीत आले का? बाजू दोन असतात आणि त्यांवर गायकही वेगवेगळे असू शकतात.

टप्पा ४: धुणं

हा टप्पा थोडक्यात सांगतो, पण अक्षरशः पाळा.

१. आधी कोरड्या मऊ ब्रशनं, खाचांच्या दिशेनं, गोल फिरवत धूळ काढा. पांढरी बुरशी असेल तर हे काम गच्चीवर किंवा अंगणात, नाकाला फडकं बांधून.

२. वाटीभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खाचांत बसतात. बॅटरीच्या दुकानातून पाणी आणत असाल तर बाटलीवर डिस्टिल्ड वॉटर लिहिलंय ना, ॲसिड नव्हे ना, ते वाचून घ्या.

३. कापड भिजवून पिळा आणि खाचांच्या दिशेनं पुसा. लेबल ओलं करायचं नाही. तबकडी बुडवून ठेवायची नाही. चिरलेली असेल तर पाणी लावायचंच नाही.

४. साध्या डिस्टिल्ड पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या कापडानं साबण उतरवा, कोरड्यानं टिपा आणि सावलीत उभी ठेवून वाळू द्या.

> सावधान: स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचे स्प्रे, सेंट, काहीही नको. अल्कोहोलनं लाख विरघळते. मी स्वतः विशीत असताना एका तबकडीचा मधला भाग असा पुसून घालवला आहे. पुसताना ती सुंदर चमकली होती; वाजवल्यावर नुसती खरखर उरली.

टप्पा ५: सुई, वेग आणि कान

चावीचा ग्रामोफोन असेल तर नियम एकच: एक बाजू, एक पिन. पोलादी पिन एका बाजूतच झिजते आणि झिजलेलं टोक पुढची तबकडी कापत जातं. 'अजून वाजतेय की' म्हणून तीच पिन दहा बाजूंना लावणं ही फार जुनी सवय, आणि राखाडी पट्टे त्यातूनच आलेले. दुर्मीळ तबकडी मात्र चावीच्या यंत्रावर लावूच नका. त्याच्या साउंड बॉक्सचा, म्हणजे पिन बसते त्या डबीचा, भार फार असतो.

विजेच्या टर्नटेबलवर लावणार असाल तर ७८ साठीची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या जुन्या तबकड्यांसाठीची, वेगळी सुई घ्या. या तबकड्यांची खाच रुंद असते. तिला इंचाच्या सुमारे तीन हजारांशाची सुई लागते. एलपीची, म्हणजे नंतरच्या व्हायनल तबकडीची, सुई त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही लहान. ती खाचेच्या तळाशी घासत जाते, खरखर उचलते आणि स्वतःही खराब होते. सूटकेस प्लेअरवर '७८' असं बटण दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. बटण वेग बदलतं, सुई बदलत नाही.

वेगाचं प्रकरण नाजूक आहे. ७८ हा आकडा पुढे ठरला. सुरुवातीच्या तबकड्या ७० ते ८० च्या दरम्यान कुठेही मुद्रित झालेल्या असतात. ७८ ऐवजी सुमारे ७३.६ वर फिरवली तर सूर बरोबर अर्ध्या स्वरानं उतरतो. म्हणजे पेटीच्या काळी दोन पट्टीचा गवई पांढरी दोनमध्ये ऐकू येईल. घरात पेटी असेल तर साथीच्या पेटीचा षड्ज तिच्यावर लावून बघा. तो दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत असेल तर वेगाबद्दल शंका घ्या. जुन्या पेट्यांचा सूर आजच्याशी तंतोतंत जुळेल असं नाही, त्यामुळे हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. पण गवयाचा आवाज पोरकट किंवा पेंगुळलेला वाटत असेल तर कानावर विश्वास ठेवा आणि वेग बदलून पुन्हा ऐका.

पहिल्यांदा ऐकताना नाटकाचं पुस्तक उघडं ठेवा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूत तीन-साडेतीन मिनिटं मावतात. रंगमंचावर पाऊण तास रंगणारं पद इथे घाईत उरकतं, कधी अंतरा गळतो. 'एवढंच गात होते का?' असा निकाल देऊ नका. दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त आवाज ऐका. कर्ण्यातल्या मुद्रणात तबला जवळपास हरवलेला असतो आणि तंबोरा ऐकूच येत नाही. आवाज मात्र अगदी कानाशी असतो. तिसऱ्यांदा ऐकताना खरखर ऐकू येणं आपोआप कमी होतं. मला हे दर वेळी नव्यानं जाणवतं.

संगणकावर उतरवताना खरखर काढण्याचं बटण दाबण्याआधी जशीच्या तशी एक प्रत जपून ठेवा. ऑडॅसिटीसारखा मोफत प्रोग्रॅम पुरतो. जास्त साफसूफ केली की खरखरीबरोबर 'स' आणि 'श'ही जातात, आणि नाट्यपदात शब्द गेला तर उरतं काय?

टप्पा ६: इंटरनेटवर सापडलेलं पडताळून घ्या

इंटरनेट अर्काइव्ह आणि यूट्यूबवर बरंच आहे. यंग इंडियाच्या तबकड्यांचं डिजिटल रूप ब्रिटिश लायब्ररीच्या एंडेंजर्ड अर्काइव्हज प्रोग्रॅममधून झालं आहे. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था १९९० पासून मुंबईत आहे. तिच्या अंकांत तबकड्यांच्या याद्या असतात. पदाचे शब्द, कवी, संगीतकार आणि नाटक जुळवायला 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ उपयोगी पडतं.

शोधताना रोमन लिपीतली जुनी स्पेलिंगं करून बघा. लेबलं कलकत्त्यात किंवा परदेशात छापली जात. अक्षरं जुळवणाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही. 'व' कधी व्ही, कधी डब्ल्यू. भोसल्यांच्या नावात मधे एन घुसतो. आजच्या स्पेलिंगनं सापडलं नाही म्हणजे ते नाहीच, असं नव्हे.

सापडलेलं प्रत्येक गाणं या चार प्रश्नांतून काढा:

१. लेबलाचा फोटो आहे का? नसेल तर नाव म्हणजे चढवणाऱ्याचं मत.

२. लांबी किती? '१९१५ ची तबकडी' म्हणून सात मिनिटांचं गाणं असेल तर दोन बाजू जोडल्या आहेत, किंवा ते नंतरच्या काळातलं आहे.

३. पहिल्या टप्प्यातल्या कुंपणात बसतं का? भाऊराव कोल्हटकरांची 'तबकडी' पाठवणाऱ्यांना मी नेहमी साल विचारतो.

४. शेवट आहे का? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांत गाणं संपल्यावर गवई स्वतःचं नाव पुकारत. तबकड्या छापायला जर्मनीला जात, तिथल्या कामगारांना कोण गातंय हे कळावं हा त्यामागचा हेतू. १९०२ ला कलकत्त्यात गौहर जाननं 'माय नेम इज गौहर जान' असं इंग्रजीत म्हटलं, ते यामुळेच. गाणं संपलं म्हणून हे शेवटचे चार सेकंद कापून टाकणारे लोक गायकाची सहीच कापून टाकतात. तुम्ही उतरवाल तेव्हा सुई लेबलाला टेकेपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवा.

*तपासणी:* चारपैकी दोन उत्तरं तरी पक्की नसतील तर वहीत नावापुढे प्रश्नचिन्ह काढा आणि तसंच राहू द्या.

टप्पा ७: 'चाल'चा धागा ओढा

आता ती बारीक ओळ. नाटककार पद लिहीत ते बऱ्याचदा आधीच लोकांना माहीत असलेल्या चालीवर: एखादी ठुमरी, हिंदुस्थानी चीज, लावणी, कानडी किंवा गुजराती गाणं. पुस्तकात पदाच्या डोक्यावर त्या मूळ गाण्याचे दोन-तीन शब्द छापलेले असतात. ते शब्द घ्या आणि त्यांनी शोधा. मराठी पदाऐवजी तुम्ही अचानक गौहर जान, झोहराबाई आग्रेवाली, अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांच्या गल्लीत जाता. कधी तीच चाल सापडते, कधी त्याच शब्दांची पण वेगळ्या रागातली चीज सापडते. सापडली नाही तरी वाटेत जे ऐकायला मिळतं ते नाव टाइप करून कधीच मिळालं नसतं.

इथली चूक म्हणजे दोन गाण्यांचा राग एक, म्हणून चाल एक असं मानणं. यमनात हजार गाणी आहेत. मुखड्याची सम कुठे येते आणि पहिली ओळ कोणत्या स्वरावर उठते, हे दोन्ही जुळलं तरच 'चाल तीच' असं लिहा. खात्री नसेल तर दोन्ही ध्वनिफिती घेऊन गाण्याच्या एखाद्या शिक्षकांकडे जा. पाच मिनिटांत सांगतात.

टप्पा ८: नोंद, वाटप, ठेवण

प्रत्येक बाजूसाठी एक ओळ: कॅटलॉग नंबर, मॅट्रिक्स नंबर, लेबलावरचं नाव जसंच्या तसं, पदाची पहिली ओळ, नाटक, लेबलावरचा राग-ताल, शेवटी पुकारलेलं नाव, तबकडीची अवस्था, कुणाच्या घरून आली. त्यापुढे 'माझा अंदाज' असा वेगळा रकाना. लेबलावर काय आहे आणि तुम्हाला काय वाटतं, हे दोन रकाने एकमेकांत मिसळू देऊ नका. पाकिटावर पेन चालवायचं नाही; पाकीट हीसुद्धा जुनीच वस्तू आहे, मागे पेन्सिलीनं फक्त क्रमांक घाला.

इतरांना ऐकवण्याआधी हक्क बघा. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे या काळातल्या तबकड्यांचा तो संपला आहे. शब्दांचं वेगळं असतं: कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. 'रानारानांत गेली बाई शीळ'ची जी. एन. जोशींची तबकडी १९३० च्या दशकातली, पण कवी ना. घ. देशपांडे २००० साली गेले. कविता अजून बरीच वर्षं हक्कात आहे.

ठेवताना उभ्या, एकाच मापाच्या तबकड्या एकत्र, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. जुन्या घरांत जुलै-ऑगस्टमध्ये भिंती घाम गाळतात. महिन्यातून एकदा कपाट उघडून वास घ्या. कुबट आला तर त्याच दिवशी सगळ्या बाहेर काढून ब्रश फिरवा.

तबकड्या ज्यांच्या घरून आल्या त्यांच्या फोनवर गाण्यांची प्रत त्याच आठवड्यात पाठवा. घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर फोनवर पाठवू नका, स्वतः जाऊन ऐकवा आणि वही बरोबर न्या. 'हे पद आमच्याकडे दुसऱ्या बाईंच्या आवाजात होतं' असं कुणी म्हणालं तर ती तुमची पुढची ओळ.